पाणी बदललं आणि मासे वर आले? फिल्टर आणि अँटी-क्लोरीनच्या या चुका टाळा

रविवारी टँक घासूनपुसून लखलखीत करायचा आणि सोमवारी मासे पाण्याच्या वर तोंड काढून धापा टाकताना बघायचे, हा प्रकार मुंबईत घरोघरी चालतो. दोष जातो माशांना, नाहीतर ते विकणाऱ्या दुकानदाराला. बहुतेक वेळा नडते ती जास्तीची स्वच्छता.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे फिल्टरचा स्पंज नळाखाली धरून धुणं. स्पंजावर, फिल्टरमधल्या सिरॅमिक रिंगांवर जो तपकिरी, बुळबुळीत थर असतो तो सगळाच कचरा नव्हे. त्यातले जिवाणू माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाण्यातून तयार होणाऱ्या अमोनियाचं आधी नायट्राइट करतात, मग बऱ्यापैकी निरुपद्रवी नायट्रेट. पालिका पाण्यात क्लोरीन घालते तेच मुळी जंतू मारायला, आणि कामाचे कुठले, बिनकामाचे कुठले हे त्याला कळत नाही. म्हणून टँकमधलंच थोडं पाणी एका बादलीत काढा आणि स्पंज त्यातच तीन-चारदा पिळा. पाणी चहासारखं झालं की पुरे. साबण तर लांबच ठेवा. स्पंज नव्यासारखा दिसायलाच हवा, हा हट्ट सोडा. बादलीतलं ते पाणी गॅलरीतल्या कुंड्यांना घाला, झाडं खूश होतात.

काही जण एकाच दिवशी अर्धं पाणी बदलतात, स्पंज धुतात, खडी उपसतात, वर नवीन रिंगाही टाकतात. माझं मत विचाराल तर पाणी बदलायच्या दिवशी फिल्टरला हातच लावू नका. त्याची पाळी आठवड्याभराने.

आता अँटी-क्लोरीन, म्हणजे नळाच्या पाण्यातलं क्लोरीन मारणारं औषध. ‘अंदाजे दोन झाकणं’ हे काही माप नव्हे. टँकची लांबी, रुंदी, उंची इंचांत मोजून गुणा आणि ६१ ने भागा, लिटर मिळतील. दोन फूट बाय एक बाय एकचा टँक म्हणजे साधारण ५६ लिटर. खडी आणि वरची मोकळी जागा सोडली तर प्रत्यक्ष पाणी त्याहून कमीच. त्यातलं पाव बदलायचं म्हणजे १२ ते १४ लिटर, घरातली एक बादली. बादलीत औषध घालत असाल तर बादलीपुरतं घाला. पण बाथरूमच्या नळाला पाइप लावून पाणी थेट टँकमध्ये सोडत असाल तर औषध पाण्याच्या आधी पडलं पाहिजे, तेही पूर्ण टँकच्या हिशेबाने. इथेच बरेच जण चुकतात.

साध्या अँटी-क्लोरीनमध्ये सोडियम थायोसल्फेट असतं. ते क्लोरीन लगेच मारतं, त्यामुळे ढवळून मिनिटभर थांबलात तरी चालतं. अमोनियावर मात्र त्याचा काही उपयोग नाही. म्हणजे स्पंज नळाखाली धुऊन बसलात तर बाटलीभर थेंब ओतूनही फिल्टर परत उभा राहत नाही.

पाणी काढण्याआधी फिल्टर आणि हीटर दोन्हींचे प्लग काढा. पातळी उतरली की मोटर कोरडी फिरते आणि जळते. तापलेला हीटर उघडा पडला की काच तडकते. हात पाण्यात घालायचाय, तेवढ्यासाठीही प्लग काढलेलाच बरा. काम झाल्यावर फिल्टर सुरू करायला विसरू नका, ही चूक हसण्यावारी नेण्यासारखी नाही. बंद डब्याच्या फिल्टरमध्ये पाणी तासन्‌तास साचलं तर ऑक्सिजन संपून जिवाणू मरतात आणि मग सुरू करताच ती घाण थेट टँकमध्ये येते. मोटर घूंऽऽ करतेय पण पाणी पडत नाही? आत हवा अडकली असेल. बंद करून पाण्याखालीच जरा तिरकी हलवा, बुडबुडे निघून जातील. काचेला लटकवायच्या फिल्टरचा डबा आधी मगाने भरून घ्या.

खास मुंबईची म्हणून एक गोष्ट. सोसायटीच्या टाक्या धुतल्यावर ब्लीचिंग पावडरचा वास पाण्याला दोन-तीन दिवस येतो. नोटीस लागली की पाणी बदलणं पुढे ढकला. टँकर आला असेल तरी थांबा, कारण नळाला येणारं तलावांचं पाणी मऊ असतं आणि टँकरमधलं बोअरचं असेल तर बरेचदा जड, म्हणजे जास्त क्षारांचं. मे महिन्यात दुपारचं पाणी घेऊ नका. गच्चीवरच्या टाकीतून ते चांगलंच कोमट येतं.

इतकं करूनही मासे वर आलेच, तर आधी पूर्ण टँकच्या मापाने अँटी-क्लोरीन घाला आणि एअर पंप जोरात सोडा. खाणं बंद. अमोनिया टेस्ट किट असेल तर बघा. आकडा शून्याच्या वर असेल तर क्लोरीन काढलेल्या, टँकच्याच तापमानाच्या पाण्याने रोज पाव टँक बदलत राहा, तो उतरेपर्यंत. स्पंज तसाच मळका राहू द्या.