सुरीला तेल लावताना
जळगाव-रावेर भागात केळीचा घड कापणाऱ्या पोलादी सुरीला चीक लागला की पाते काळवंडते, आणि ते धुऊन पुसल्यावर हाताशी असलेले शेंगदाण्याचे तेल लावण्याची आपली सवय आहे. रोज वापरातल्या विळीला ते चालते. पण सुरी महिनाभर पडून राहणार असेल, तर हवेतल्या ऑक्सिजनमुळे ते तेल खवट होते, चिकटते आणि घडीच्या चाकूचा सांधा अक्षरशः जाम होतो. खोबरेल त्या मानाने टिकाऊ. मात्र खान्देशातल्या थंडीत, सुमारे 24 अंशांखाली, ते थिजते. खाद्यपदार्थ कापणाऱ्या पात्यासाठी औषधाच्या दुकानात मिळणारे लिक्विड पॅराफिन आय.पी. (आय.पी. म्हणजे इंडियन फार्माकोपिया, औषधांच्या दर्जाची भारतीय मानके) हे माझ्या मते सर्वांत सोयीचे, कारण या शुद्ध खनिज तेलाला वास नसतो आणि ते खवटही होत नाही. सांध्यात एकच थेंब सोडावा, चाकू चार-पाच वेळा उघडमीट करावा आणि वर आलेले तेल कापडाने टिपून घ्यावे. शिलाई मशीनचे तेलही खनिजच असते, परंतु ते खाण्याच्या दर्जाचे असेलच असे नाही. गाडीचे जळके ऑइल तर पात्याजवळही नेऊ नये.