जर्दाळूच्या बियांपासून तेल आणि स्क्रब

जर्दाळूच्या बीच्या आतल्या मगजात ४० ते ५० टक्के तेल असतं. हे तेल हलकं असतं, त्वचेत लवकर मुरतं आणि क्रीम-लोशनमध्ये छान चालतं. ते कसं निघणार हे मात्र घाण्यावर नव्हे, बी वाळवतानाच ठरतं.

फळ कापल्या दिवशीच बिया चोळून धुवा. गराचा अंश राहिला की बुरशी धरते आणि पुढे तेलाला खवट वास येतो. ४० ते ४५ अंशांवर बिया खुळखुळेपर्यंत वाळवा, मग फोडा. चार किलो बियांतून साधारण एक किलो मगज मिळतो. काळपट, सुरकुतलेले आणि बुरशीचे मगज निर्दयपणे काढून टाका. एक वाईट मूठ सगळ्या तेलाचा वास बिघडवते.

मगज पुन्हा वाळवून ओलावा ५ ते ७ टक्क्यांवर आणा. बोटांनी मोडल्यावर कट्‌कन तुटला पाहिजे. ओला असेल तर घाण्यात लगदा होतो आणि दाबच बसत नाही. फार कोरडा असेल तर पेंड भुगा होऊन तेल आत अडकतं. लहान घाण्यातून एक किलो मगजामागे ३०० ते ३५० ग्रॅम तेल निघालं तर काम चांगलं झालं. तेल झाकून आठवडाभर निवळू द्या, वरचं नितळ तेल ओतून घ्या, कापडातून गाळा. गाळ ढवळू नका. ०.२ टक्के व्हिटॅमिन ई घालून गडद बाटलीत, काठोकाठ भरून ठेवा. व्हिटॅमिन ई खवटपणा लांबवतं, जंतू मारत नाही. म्हणून बाटलीत पाण्याचा थेंबही जाऊ देऊ नका.

पेंडीबाबत कडक राहा. कडू मगजातल्या अ‍ॅमिग्डॅलिन या द्रव्यापासून पाणी लागताच विषारी हायड्रोजन सायनाइड तयार होतं. त्यामुळे पेंड खायची नाही, जनावरांना घालायची नाही, भिजवून उटण्यातही वापरायची नाही. बदामाची अ‍ॅलर्जी असणाऱ्यांनी हे तेलही टाळावं.

कवचातले मगजाचे तुकडे वेचून घ्या. कवच २० मिनिटं उकळा, कडक वाळवा, दळा आणि चाळा. २०० ते ५०० मायक्रॉनची (०.२ ते ०.५ मिलिमीटर कणांची) भुकटी बॉडी स्क्रबमध्ये ३ ते ५ टक्के पुरते. कणांच्या कडा धारदार असतात, त्यामुळे ती पाय, कोपर आणि टाचांसाठीच ठेवा, चेहऱ्याला लावू नका.