मिनी ऑर्किड घरी आणलंय? कुंडी बदलताना या चुका टाळा

मिनी ऑर्किड दगावतं ते बहुतेक वेळा मुळांमुळे, आणि मुळं कुणी बघतच नाही. पानं लुळी पडली की लोक पाणी वाढवतात, मग खत घालतात, मग बुरशीनाशक फवारतात. तोवर कुंडीच्या आत काय चाललंय याचा पत्ता नसतो. मोठ्या ऑर्किडला भरपूर जाड मुळं असतात, त्यातली निम्मी गेली तरी ते तग धरतं. मिनीला मुळात कमीच असतात. त्यामुळे नवीन झाड घरी आलं की फुलांचे फोटो काढायच्या आधी मुळं बघा.

नर्सरीचा गोळा आत तसाच ठेवणं

सगळ्यात जास्त झाडं या चुकीपायी जातात. आपल्याकडे येणारी मिनी फॅलेनॉप्सिस (घरात सर्रास दिसणारा, रुंद पानांचा ऑर्किडचा प्रकार) प्रयोगशाळेत बाटलीत वाढवलेली असतात. बाटलीतून काढली की रोपाच्या मुळांभोवती स्फॅग्नम मॉसचा (पाणी धरून ठेवणाऱ्या वाळवलेल्या शेवाळाचा) घट्ट गोळा बांधतात, कधी स्पंजचा तुकडा किंवा जाळीचा इवलासा कप असतो. पुढे झाड मोठं झालं की तो गोळा न काढताच भोवती झाडाची साल किंवा नारळाच्या सोडणाचे तुकडे भरून देतात. हरितगृहात पाणी, वारा आणि दमटपणा मोजून दिलेला असतो, त्यामुळे तिथे ते चालून जातं. नाशिकच्या घरात नाही चालत. वरची साल दुपारपर्यंत वाळते आणि मधला गोळा आठवडाभर ओला राहतो.

गंगापूर रोडला राहणाऱ्या माझ्या मावसबहिणीने उन्हाळ्यात असंच एक झाड आणलं. जांभळी फुलं, बोटाएवढी पानं, दिसायला देखणं. महिन्याभरात फोन आला, "ताई, पानांना सुरकुत्या पडल्यात. पाणी कमी पडतंय बहुतेक, मी रोज घालतेय." मी गेले तेव्हा वरची साल कोरडी ठणठणीत होती. झाड बाहेर काढलं, साल झटकली, तर आत लिंबाएवढा काळपट गोळा. चिमटीत दाबला तर पाणी गळलं आणि कुबट वास आला. मुळं ओढली की वरचं आवरण मोज्यासारखं निघून हातात यायचं आणि आतला दोरा तेवढा झाडाला लटकत राहायचा. बुंध्याजवळची दोनच मुळं टणक होती. पानांपर्यंत पाणी पोचवायला मुळंच उरली नव्हती, म्हणून पानं सुरकुतली होती. बहीण मात्र अजून पाणी घालत होती.

गोळा आम्ही कोमट पाण्यात भिजत ठेवला आणि टूथपिकने मॉस तंतू-तंतू करून काढला. याला तासभर लागतो. ज्यांना पाच मिनिटांत उरकायचं असतं ते गोळा ओढून काढतात आणि चांगली मुळंही तोडतात. तसं करायचं असेल तर झाडाला हात लावू नका. पुढे ते झाड जाळीच्या छोट्या कपात, सैल मॉसमध्ये, सावलीला ठेवलं. पाऊस सुरू झाल्यावर पानाच्या बगलेतून नवं मूळ आलं.

झाड फुलावर असेल तर सहसा फुलं उतरेपर्यंत मी थांबते. पण काडीने साल बाजूला करून गोळा जरूर तपासते. आत सड दिसली तर फुलाचा दांडा कापते आणि लगेच कुंडी बदलते. दांडा कापायला लोकांचा जीव होत नाही, पण मुळं गेलेली असताना फुलं ठेवली तर उरलंसुरलं बळ तीच खातात.

कात्री फार लवकर चालवणं

नाशिकमध्ये ही चूक जरा जास्तच दिसते, कारण इथे घरटी कुणाची तरी द्राक्षबाग असते. एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी करणाऱ्या हाताला वाटतं, कापलं की जोमाने फुटतं. दिंडोरीकडच्या एका ओळखीच्या बागायतदारांनी नव्या डेंड्रोबियमची (हाही ऑर्किडचाच प्रकार) मुळं बोटभर ठेवून सरसकट छाटली आणि वर बागेतलं बोर्डो मिश्रण, म्हणजे मोरचूद-चुन्याचं तांबंयुक्त बुरशीनाशक, फवारलं. माणूस द्राक्षातला जाणकार, पण ऑर्किडच्या मुळांना छाटणी मानवत नाही आणि तांबं तर डेंड्रोबियमला भाजतंच. पानं काळी पडून गळली आणि झाड गेलं. मला त्या झाडाचं अजून वाईट वाटतं, कारण आलं तेव्हा ते ठणठणीत होतं.

आधी मुळं दहा-पंधरा मिनिटं पाण्यात बुडवा. मुळावरचं पांढरं, स्पंजासारखं आवरण कोरडं असताना चंदेरी दिसतं आणि भिजलं की आतला हिरवा रंग दिसायला लागतो. कुंडीच्या आत अंधारात वाढलेली मुळं मात्र पिवळट किंवा फिकट तपकिरी असतात आणि तरीही जिवंत असतात. नुसत्या रंगावरून कापू नका. बोटाने दाबा. टणक असेल तर ठेवा. पोकळ, चपटं किंवा लिबलिबीत असेल तर तेवढाच भाग कापा. आवरण गेलेला दोरा उरला असेल तर मी तोही ठेवते, झाडाला कुंडीत उभं राहायला आधार होतो. ऑन्सिडियम या प्रकाराची मुळं मुळातच सुतासारखी बारीक असतात, ती बघून घाबरू नका.

कात्री प्रत्येक झाडाआधी ज्योतीवर धरा. ऑर्किडचे विषाणू कात्रीवरून एका झाडातून दुसऱ्यात जातात आणि त्यावर औषध नाही. नुसतं फडक्याने पुसणं पुरत नाही.

कापलेल्या टोकाला दालचिनी पूड चिमूटभर चालते. पण व्हिडिओ बघून सगळी मुळं त्यात घोळवणारे लोक चांगली मुळंही सुकवून टाकतात.

"मोठी कुंडी दिली की पटकन वाढेल"

नाही वाढणार. मिनीला दोन ते अडीच इंचाची कुंडी पुरते. मुळं जेमतेम मावतील एवढीच घ्या. मोठ्या कुंडीत मधला भाग वाळतच नाही. मी पारदर्शक प्लॅस्टिकचा कप घेते, तळाला आणि बाजूला भोकं पाडते, मुळं रोज दिसतात. कोळसा, सोडणाचे बारीक तुकडे आणि थोडं मॉस, एवढंच भरते. सोडणात क्षार असतात, म्हणून ते दोन-तीन दिवस भिजवायचं आणि रोज पाणी बदलायचं. टोलुम्निया या छोट्या ऑर्किडला मॉस अजिबात नको, नुसता कोळसा किंवा लाकडाचा तुकडा बरा.

झाड कुंडीत हलत असेल तर नव्या मुळांची टोकं घासून मरतात, म्हणून मऊ दोऱ्याने बांधा. हवेत वाढलेली मुळं जबरदस्तीने आत कोंबू नका. फॅलेनॉप्सिसच्या पानांच्या मध्यभागी पाणी साचू देऊ नका. आरओ मशीनचं वाया जाणारं पाणी घालू नका, त्यात क्षार सगळ्यात जास्त असतात. बोअरचंही टाळा, पावसाचं पाणी भरून ठेवा.

कुंडी बदलायला जूनअखेर ते ऑगस्ट हा काळ नाशिकला सगळ्यात चांगला. हवेत दमटपणा असतो आणि बहुतेक झाडं तेव्हाच नवी मुळं टाकतात. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत झाड ढिम्म असतं, तेव्हा दुखावलेली मुळं भरून येत नाहीत. कुरिअरने उघड्या मुळांचं झाड मे महिन्यात मागवणाऱ्यांना मी दर वर्षी तेच सांगते, पाऊस पडेपर्यंत थांबा. सवलत पुन्हा मिळते.

त्र्यंबक-इगतपुरीकडे झाडांवर दिसणारी आमरी, म्हणजे रानातली ऑर्किडं, ओरबाडून आणून कुंडीत लावणाऱ्यांना या लेखाचा उपयोग नाही. ती मुळं सालीला घट्ट चिकटलेली असतात, काढताना तुटतात आणि झाड मरतं. ती तिथेच राहू द्या.

नवं झाड दोन-तीन आठवडे बाकीच्यांपासून लांब ठेवा, पानाच्या बगलेत आणि मुळांच्या वरच्या भागात मिलीबग (पांढरा पिठ्या ढेकूण) आहे का बघा. पावसाळ्यात सोडणातून बारीक गोगलगायी येतात आणि रात्रीतून मुळांची टोकं खातात. टॉर्च घेऊन एकदा रात्री तपासा. कुंडी बदलल्यावर मुळं कापली असतील तर एक-दोन दिवस पाणी नको, फक्त आजूबाजूला दमटपणा ठेवा. खत तर नवीन मुळाचं हिरवं टोक दिसेपर्यंत बिलकुल नको. दिसलं की १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश समान असलेलं विद्राव्य खत), लिटरला अर्धा ग्रॅमच्या वर नाही, तेही आधी साधं पाणी घालून मग.