मेक्सिकन टॅटू काढताय? या चुका टाळा

फोनवरचा एक फोटो पुढे करून ‘असलं मेक्सिकन काहीतरी काढून द्या, आजच’ म्हणणाऱ्याला मी त्या दिवशी सुई लावत नाही. चित्रात काय आहे ते आधी वाचून या, मग तारीख देते.

सगळ्यात जास्त वाट लागते ती सूर्यशिळेची, म्हणजे मेक्सिकोतल्या त्या जुन्या गोल कोरीव दगडाची. लोक तिला ‘मायन कॅलेंडर’ म्हणतात. ती माया लोकांची नाहीच, स्पॅनिश येण्याआधी मध्य मेक्सिकोवर राज्य करणाऱ्या अ‍ॅझ्टेकांची आहे. १७९० साली मेक्सिको सिटीच्या मुख्य चौकात खोदकामात सापडली. व्यास सुमारे ३.६ मीटर. मधोमध चेहरा, भोवती आधीच्या चार युगांचे चौकोन, मग २० दिवसचिन्हांचं वलय आणि कडेने दोन अग्निसर्प. चेहऱ्याची बाहेर आलेली जीभ म्हणजे बळी देण्याची गारगोटीची सुरी आहे आणि बाजूच्या पंजांत माणसाची काळजं आहेत. ‘लकसाठी’ मागणाऱ्यांना हे मी आवर्जून सांगते.

एक मुलगा कव्हर-अपसाठी, म्हणजे जुना टॅटू नव्याने झाकून घ्यायला, आला होता. कुणीतरी मनगटावर दोन इंचांत अख्खी शिळा बसवून दिली होती, तासाभरात, स्वस्तात. काही वर्षांत रेषा जाड होऊन एकमेकींत मिसळल्या आणि उरला करपलेल्या भाकरीसारखा काळा गोल. आधी लेझरने तो फिका करावा लागला. त्यात महिने गेले, पैसे मूळ कामाच्या कितीतरी पट. मगच त्यावर गरुड बसला. हात कितीही चांगला असो, शाई कातडीत थोडी पसरतेच. घाई करणाऱ्यांना हे पटत नाही.

मी डिझाइन खऱ्या मापात छापून भिंतीला चिकटवते आणि चार पावलं मागे जाते. चिन्हं ओळखू येत नसतील तर मोठं करायचं. वीतभर जागा नसेल तर शिळेचा नाद सोडा. वीसातलं एकच चिन्ह घ्या: जग्वार, ससा, फूल. सुरेख दिसतं.

दुसरी चूक कात्रिनाची. टोपीवाली ही कवटी मेक्सिकन चित्रकोरक होसे ग्वादालुपे पोसादा यांनी १९१०च्या सुमारास कोरली, युरोपी थाटाची नक्कल करणाऱ्यांची टर उडवायला. मेक्सिकन चित्रकार दिएगो रिवेरांनी १९४७च्या भित्तिचित्रात तिला पूर्ण देह दिला. तिच्या डोळ्यांतून रक्त आणि किडे काढायला सांगतात तेव्हा मला खरंच वाईट वाटतं. १ आणि २ नोव्हेंबरला मेक्सिकोत घरची गेलेली माणसं परत येतात असं मानून त्यांच्यासाठी जेवण मांडतात, झेंडू पसरतात. आपल्या दसऱ्याच्या तोरणातला झेंडू मूळचा तिकडचाच, म्हणून रक्ताऐवजी मी झेंडू सुचवते. साखरेच्या कवटीवर तिथे कपाळावर नाव लिहितात. आजोबांच्या आठवणीत टॅटू हवा असेल तर तेच करा.

पायघोळ झगा आणि लांब दांड्याचा विळा दिसला तर ती कात्रिना नव्हे, सांता मुएर्ते, म्हणजे सांगाड्याच्या रूपातली मृत्यूची संत. तिची प्रत्यक्ष पूजा होते आणि कॅथलिक चर्चचा तिला विरोध आहे.

ग्वादालुपेची माता, म्हणजे मेक्सिकोतलं मदर मेरीचं रूप, कमरेखाली नको. तिकडचे भाविक दुखावतात.

डोळ्याखाली अश्रू, अंगठ्याजवळ तीन ठिपके, १३ आकडा: यांचा संबंध अमेरिकेतल्या तुरुंगांशी आणि टोळ्यांशी लावला जातो. शिकायला तिकडे निघालेल्यांना मी हे काढून देत नाही, कितीही गळ घाला.

आणि खपली नखाने काढू नका. कवटीचं बारीक शेडिंग तिच्याबरोबरच निघून येतं.