वेबसाइटची रुंदी ठरवायच्या आधी काय काय तयार ठेवायचं

वेबसाइट करायला घेतली की पहिला प्रश्न येतो पेज किती रुंद ठेवायचं, 1200 पिक्सेल की 1440, आणि बहुतेक वेळा डिझाइन करणाऱ्याच्या टेबलावरच्या मॉनिटरवर जे बरं दिसतं तोच आकडा फायनल होऊन जातो. माझं म्हणणं एवढंच की रुंदी मजकुरावरून काढा. ओळ किती लांब झाली की वाचताना डोळा चुकतो आणि सगळ्यात लहान फोनवर काय मावत नाही, ही दोन टोकं आधी पकडायची, मॉनिटरचं नंतर बघू. उदाहरणाला तालुक्याच्या गावातल्या सार्वजनिक वाचनालयाची मराठी साइट धरू, कारण तिच्यात सगळंच असतं, लांब लेख, सूचना, पुस्तकांची यादी, सभासद व्हायचा फॉर्म, कार्यक्रमांचे फोटो.

फिग्मा (डिझाइनचं सॉफ्टवेअर) किंवा कोड उघडायच्या आधी खरा मजकूर गोळा करून ठेवा, नमुन्याचा लॅटिन मजकूर टाकून रुंदी ठरवू नका, त्या मजकुराला काना-मात्रा-वेलांटी नाही, जोडाक्षरं नाहीत, प्रत्यय लागून लांबलेले शब्द नाहीत. सगळ्यात लांब हेडिंग काढून ठेवा, सगळ्यात रुंद तक्ता काढून ठेवा (वाचनालयात तो नक्की पुस्तकांचाच असणार: नाव, लेखक, प्रकाशक, साहित्यप्रकार, दाखल क्रमांक, उपलब्ध आहे का), फॉर्ममधली सगळ्यात लांब सूचना, अनामत आणि वर्गणीचे दर, आणि एक आडवा ग्रुप फोटो ज्यात माणसं टोकापर्यंत उभी आहेत. एवढं हाताशी असलं की अर्धे वाद तिथेच मिटतात.

मग वाचक कोण ते बघा. जुनी साइट असेल तर अ‍ॅनालिटिक्समधून (साइटला कोण कशावरून भेट देतं त्याच्या नोंदी) स्क्रीनच्या साइझ काढा, पण एक लक्षात ठेवा, स्क्रीनचं रिझोल्यूशन वेगळं आणि ब्राउझरच्या खिडकीत पेजला मिळणारी जागा वेगळी. 1920 बाय 1080 चा लॅपटॉप आहे म्हणून 1920 ची जागा मिळाली असं होत नाही, विंडोजमध्ये स्केलिंग 125 टक्के असेल तर पेजच्या हिशोबाने ती रुंदी 1536 होते, 150 टक्के असेल तर 1280, त्यातून स्क्रोलबारचे साधारण 15-17 पिक्सेल जातात आणि काही लोक खिडकी अर्धीच उघडून बाजूला दुसरं काम करत असतात. फोनचंही तेच, डब्यावर 1080 बाय 2400 लिहिलेलं असतं पण तीन पट घनतेच्या फोनवर सीएसएसला (पेजचं रूप ठरवणाऱ्या कोडला) दिसते ती रुंदी 360. म्हणून यादीत डब्यावरचे आकडे लिहू नका, सीएसएस पिक्सेल लिहा: 320, 360, 390, 412, 768, 1024, 1280, 1366, 1536, 1920. एवढे पुरतात.

व्ह्यूपोर्टचा मेटा टॅग (फोनला पेजची रुंदी सांगणारी कोडमधली ओळ) आहे का ते लगेच तपासा, विड्थला डिव्हाइस-विड्थ आणि इनिशियल-स्केल 1. हा नसला तर फोन पेजला डेस्कटॉपचं समजून (2007 च्या पहिल्या आयफोनपासून सफारी अशी पेजं 980 रुंदीची धरते) सगळं मुंगीएवढं करून दाखवतो आणि तुमची पुढची सगळी मेहनत वाया. आणि झूम बंद करणारी सेटिंग त्यात घालू नका, प्लीज, वाचनालयाचे कितीतरी सभासद साठीच्या पुढचे असतात, दोन बोटांनी मोठं करून वाचणं ही त्यांची गरज आहे.

आता ओळीची लांबी, माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ इथेच द्यावा. छापील कादंबरीत ओळीला साधारण दहा-बारा शब्द असतात आणि तेवढ्यात डोळा पुढच्या ओळीच्या सुरुवातीला न चुकता येतो. स्क्रीनवर बारा ते चौदापर्यंत चालतं, त्यापुढे माणूस तीच ओळ परत वाचायला लागतो. इंग्रजीत लोक 65 सीएच असं रुंदीचं माप देऊन मोकळे होतात, पण सीएच म्हणजे त्या फाँटमधल्या शून्याची रुंदी, देवनागरीत नुसता र किती अरुंद आणि क्षा किंवा ज्ञी किती रुंद, त्यामुळे 65 सीएच म्हणजे मराठीची 65 अक्षरं असं अजिबात निघत नाही. त्यापेक्षा जो फाँट वापरणार आहात, मुक्ता असो की नोटो, त्यात तुमच्याच लेखाचा एक परिच्छेद 20 पिक्सेलला लावा, लाइन-हाइट, म्हणजे ओळीची उंची, अक्षराच्या 1.7 पटीच्या आसपास ठेवा (वर वेलांट्या आणि रफार, खाली उकार, 1.4 ला ते एकमेकांत अडकतात) आणि ओळीतले शब्द मोजत रुंदी कमी-जास्त करा. साधारण 40 रेम (रेम म्हणजे पेजच्या मूळ अक्षराची साइझ, बहुधा 16 पिक्सेल), म्हणजे 640 पिक्सेलला ते बरोबर बसतं. फोनवर 18 पिक्सेल अक्षर आणि दोन्ही बाजूंना 16 चं पॅडिंग (कडेची मोकळी जागा) दिलं की 360 मधले 328 उरतात, सातेक शब्द मावतात, पुरे. आणि मजकूर दोन्ही कडांना जुळवायचा मोह आवरा, अरुंद कॉलममध्ये मराठीचे लांब शब्द खाली उतरले की वरच्या ओळीत भगदाडं पडतात.

मजकुराचा कॉलम ठरला की बाकीची बेरीज सोपी आहे. 40 रेमचा लेख, मधे 3 रेम, बाजूला सूचनांची 18 रेमची पट्टी, झाले 61 रेम म्हणजे 976 पिक्सेल, दोन्ही कडांना दीड-दीड रेम पॅडिंग धरून 64 रेम, बरोबर 1024. गंमत म्हणजे आपण मजकुरावरून निघालो आणि पोचलो जुन्या 960 च्या जवळच. 800 बाय 600 च्या काळात लोक 760-780 ची पेजं करायचे, 1024 बाय 768 आल्यावर 960 रूढ झालं कारण त्याचे 12 आणि 16 दोन्ही भाग सरळ पडतात, आणि ते आकडे वाचायला खरंच बरे होते. त्यांचा त्रास एवढाच की ते घट्ट बांधलेले होते, 2010 मध्ये वेब डिझाइनर ईथन मार्कॉट यांनी रिस्पॉन्सिव्ह (स्क्रीनप्रमाणे बदलणाऱ्या) डिझाइनची मांडणी केली त्यानंतर ती गाठ सुटली. म्हणून हे आकडे विड्थमध्ये (ठाम रुंदी) टाकू नका, मॅक्स-विड्थमध्ये (जास्तीत जास्त रुंदी) टाका, जागा कमी पडली तर कॉलम आपोआप आत येईल. नवीन पुस्तकांची मुखपृष्ठं किंवा फोटो दाखवणाऱ्या पेजला जास्त जागा हवी असते, त्याला 72 रेम, म्हणजे 1152, पॅडिंगसकट 1200, हे 1280 च्या खिडकीत स्क्रोलबार धरूनही बसतं.

ब्रेकपॉइंट, म्हणजे ज्या रुंदीला पेजची मांडणी बदलते तो आकडा, फोनच्या नावाने ठरवू नका. बूटस्ट्रॅप या तयार सीएसएस संचाचे 576, 768, 992, 1200, 1400 आयते मिळतात आणि घाईत असाल तर वापरा, पण खिडकी हळूहळू ओढत जिथे तुमचं पेज अवघडलेलं दिसायला लागतं तो आकडा जास्त खरा. आपल्या साइटला दोनच लागतील, एक 45 ईएमच्या (इथे ईएमही 16 पिक्सेलचाच धरा) आसपास जिथे मुखपृष्ठं एकाखाली एक न येता शेजारी शेजारी मावतात आणि एक 66 ईएमला जिथे सूचनांची पट्टी बाजूला येते. 64 ऐवजी 66 का, तर मीडिया क्वेरी (रुंदी बघून मांडणी बदलणारी सीएसएसची अट) स्क्रोलबारसकट रुंदी मोजते, प्रत्यक्षात थोडी कमी मिळते. आणि पिक्सेलऐवजी ईएम अशासाठी की कुणी ब्राउझरमध्येच अक्षर मोठं करून ठेवलं असेल तर लेआउटही त्याच्या हिशोबाने बदलतो.

खालचं टोक 320 धरा. डब्ल्यूसीएजी 2.1 मध्ये (साइट सगळ्यांना, अपंगांनाही वापरता यावी म्हणूनची नियमावली), 2018 पासून, हाच आकडा दिलाय, 320 सीएसएस पिक्सेलला आडवं सरकवायला लागता कामा नये, आणि त्याचं कारण फक्त छोटे फोन हे नाही, 1280 च्या स्क्रीनवर कुणी 400 टक्के झूम केलं की त्याला 320 च उरतात. इथे हेडिंग तपासा, डेस्कटॉपचं 56 पिक्सेलचं हेडिंग तसंच राहिलं तर अभ्यासिकेच्या पेजवरचा "स्पर्धापरीक्षार्थींसाठी" हा एकच शब्द कडेबाहेर जाईल, म्हणून हेडिंगला क्लॅम्प (साइझची खालची-वरची मर्यादा बांधणारी सीएसएसची सोय) लावून खालची मर्यादा 28-30 ठेवा. अक्षरांमधलं अंतर वाढवून किंवा कमी करून शब्द बसवू नका, शिरोरेषा तुटते नाहीतर अक्षरं एकावर एक चढतात. पुस्तकांचा तक्ता त्याच्या स्वतःच्या डब्यात आडवा सरकू दे, अख्खं पेज सरकू देऊ नका, नाहीतर फोनवर फक्त नाव, लेखक आणि उपलब्ध आहे का एवढंच दाखवा, प्रकाशक टॅप केल्यावर दिसला तरी चालतो. फॉर्मच्या खान्यांत अक्षर 16 पिक्सेलच्या खाली गेलं तर आयफोन आपणहून झूम करतो, तेही बघून घ्या.

फोटोंचं गणित त्याच रुंदीवरून निघतं, 640 चा कॉलम दुप्पट घनतेच्या स्क्रीनवर 1280 मागतो, 328 तिप्पटवर 984, तेव्हा 480, 960 आणि 1280 अशा तीन प्रती पुरे, कॅमेऱ्यातून आलेली मूळ फाइल चढवू नका. बॅनर पूर्ण रुंद करताना 100 व्हीडब्ल्यू (स्क्रोलबारसकट खिडकीची पूर्ण रुंदी) लिहिलंत तर विंडोजवर स्क्रोलबारएवढं पेज जास्त रुंद होतं आणि खाली विनाकारण आडवा बार येतो, तिथे साधं 100 टक्के लिहा.

मोठ्या स्क्रीनची मला फार काळजी वाटत नाही. 1920 किंवा 2560 वर बॅकग्राउंडचा रंग कडेपर्यंत जाऊ दे, मजकूर मधेच राहू दे, दोन्हीकडची मोकळी जागा भरायचा आग्रह कमिटीतून होईल पण तिथे ठाम राहा, ओळ 640 च्या पुढे नेऊ नका.

शेवटी हे सगळे आकडे एकाच जागी लिहा, सीएसएसच्या फाइलच्या वरच व्हेरिएबल करून, म्हणजे उद्या दुसऱ्या कुणी काम हातात घेतलं तरी 40 आणि 66 कुठून आले ते कळेल. दाखवायच्या आधी क्रोमच्या डिव्हाइस मोडवर वरच्या यादीतली प्रत्येक रुंदी बघा, मग एखादा स्वस्तातला खरा अँड्रॉइड घ्या, त्याच्या सेटिंगमध्ये अक्षर सगळ्यात मोठं करा, उभा धरून बघा आणि आडवा धरून बघा, आणि वाचनालयाच्या काउंटरवर जो पीसी आहे त्यावर पुस्तकांची यादी उघडून तिथल्या ताईंना एखादं पुस्तक शोधायला सांगा, त्यांना आडवं सरकवायला लागलं तर तक्त्याचे कॉलम परत कमी करा. फाँट बदललात तर शब्द मोजण्यापासून पुन्हा सुरू करा.