डोक्यावर वजन उचलताना खांदा डळमळतो? या चुका टाळा

शोल्डर प्रेस, म्हणजे खांद्यापासून वजन डोक्यावर ढकलणं. त्याची शेवटची उचल. बार डोक्यावर थरथरतोय आणि एक खांदा आतून सरकल्यासारखा वाटतोय. अशा वेळी जिममध्ये हमखास सल्ला मिळतो: "खांदे मागे-खाली दाबून लॉक कर." बेंच प्रेसला, म्हणजे बाकावर उताणं पडून छातीवरून वजन ढकलताना, हे ठीक, इथे मात्र उलटं पडतं. हात कानापाशी नेताना 180 अंशांपैकी साधारण 60 अंश पाठीतलं त्रिकोणी हाड, म्हणजे स्कॅप्युला, वर फिरल्यामुळे मिळतात. ते फिरलं की सांध्याची उथळ खोबण दंडाच्या हाडाच्या गोळ्याखाली येते आणि त्याला खालून आधार मिळतो. तेच दाबून धरलं तर सगळा भार स्नायूंवर आणि अस्थिबंधांवर. म्हणून कोपर सरळ झाल्यावर खांदे किंचित कानांकडे जाऊ द्या.

मानेमागून प्रेस मारायची हौस असेल तर ती सोडा. हात बाजूला वर आणि मागे वळलेला, खांदा पुढे निखळायला हीच स्थिती सर्वांत सोयीची. बार चेहऱ्यासमोरूनच न्या. डंबेल असतील तर कोपरं अगदी बाजूला न ठेवता अंदाजे 30 अंश पुढे घ्या.

दुखतंय म्हणजे आखडलंय, असं धरून दाराच्या चौकटीला हात टेकवून ताणत बसणारे बरेच असतात. आधीच सैल असलेल्या सांध्याला आणखी सैल करून काय मिळणार? त्यापेक्षा कुशीवर झोपा, वरच्या हाताचं कोपर बरगडीला चिकटवा आणि एक-दोन किलोचं डंबेल सावकाश वर-खाली फिरवा. दिसायला बायकी वगैरे म्हणतील, म्हणू देत; गोळा खोबणीत धरून ठेवणारा स्नायूंचा गट, म्हणजे रोटेटर कफ, याने तयार होतो.

कंबर मागे वाकवून वजन ढकलणं ही तर जुनीच खोड. ऑलिंपिक वेटलिफ्टिंगमधून प्रेस 1972 नंतर काढली, त्यामागे हे वाकणंही होतं. नियमात काय बसतं हे पंचांनाच ठरवता येईना. पोट आणि नितंब घट्ट ठेवा. तरीही कंबर वाकतच असेल तर वजन जास्त आहे. काही आठवडे लँडमाइन प्रेस करा: बारचं एक टोक कोपऱ्यात टेकवून दुसरं तिरपं वर ढकलायचं.

खांदा खरंच निखळला, किंवा हाताला मुंग्या, बधिरपणा आला, तर सरळ ऑर्थोपेडिक डॉक्टरांकडे जा. जिममधल्या कुणालाही तो ओढून बसवू देऊ नका. नस किंवा रक्तवाहिनी दुखावू शकते.