स्क्रीन रीडर वापरताना नेहमीचा मजकूर तीन-चार अक्षरांत कसा टाकावा

‘मु. पो. पिंपळगाव बसवंत, ता. निफाड, जि. नाशिक 422209’ असे पत्ते ज्याला दिवसभर टाइप करायचे असतात, त्याला लोक हमखास सांगतात, जुन्या पत्रातून कॉपी करा. डोळ्यांनी बघणाऱ्याला ते ठीक आहे. आपण स्क्रीन रीडरवर, म्हणजे पडदा बोलून दाखवणाऱ्या प्रोग्रामवर काम करणारे. फाइल शोधून, ओळ ऐकून, निवडून परत येईपर्यंत पत्ता हातानं लिहून होतो.

विंडोजवर ऑटोहॉटकी टाका: लघुरूप लिहिलं की त्याजागी पूर्ण मजकूर टाकणारा प्रोग्राम, मोफत आहे. नोटपॅडमध्ये एका ओळीत लिहा: दोन कोलन, लघुरूप, पुन्हा दोन कोलन, लगेच पूर्ण मजकूर. फाइलच्या नावाला डॉट एएचके हे शेपूट इंग्रजीत जोडा. सेव्ह करताना एन्कोडिंग ‘यूटीएफ-8 विथ बॉम’च निवडा, नाहीतर ऑटोहॉटकीच्या जुन्या आवृत्तीत देवनागरीचा कचरा होतो. फाइलवर एंटर मारा. आता लघुरूप लिहून स्पेस दिली की मजकूर उमटतो. फोन नंबरात +91 असेल तर पहिल्या दोन कोलनांच्या मध्ये इंग्रजी टी घाला. नाहीतर अधिकचं चिन्ह शिफ्ट समजलं जातं आणि नंबराची वाट लागते.

खरी डोकेदुखी लघुरूप ठरवण्यात आहे. ‘कंट्रोल-ऑल्ट-1 ला पत्ता लावा’ हा सल्ला सर्रास मिळतो. अजिबात ऐकू नका. वर्डमध्ये त्याच की ‘हेडिंग 1’ च्या आहेत, आणि लांब कागदपत्रात आपण फिरतो ते हेडिंगवरूनच. कंट्रोल-ऑल्ट-एन ला तर हातही लावू नका: एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर मध्येच बंद पडला तर तो परत सुरू करायला त्याचाच आधार असतो. इन्सर्ट आणि कॅप्सलॉक स्क्रीन रीडरकडे आधीच गेलेले. म्हणून की जुळवण्यापेक्षा अक्षरांचं लघुरूप बरं.

पण लघुरूप म्हणजे तालुक्याची पहिली दोन अक्षरं, असं करू नका. देवळ्यासाठी ‘देव’ ठेवलंत की गणेशोत्सवाच्या पत्रात देवाच्या जागी अख्खा पत्ता येतो. चांदवडचा ‘चांद’ तसाच. आणि आपल्याला हे दिसत नाही, पत्र साहेबांच्या टेबलावर गेल्यावर कळतं. माझा नियम: शेवटचं अक्षर दोनदा. निफफ, देवव, चांदद. असे शब्द मराठीत नाहीत, आणि ऐकताना गल्लतही होत नाही. जोडाक्षरं टाळा. मी इन्स्क्रिप्ट या मराठी कीबोर्ड मांडणीवर लिहितो, तिथं हे नीट चालतं. ज्या कीबोर्डवर पत्र लिहिता त्याच लिपीत लघुरूप ठेवा. मराठी कीबोर्ड चालू असताना इंग्रजी लघुरूप उठत नाही.

मजकूर उमटताना एनव्हीडीए अक्षर न अक्षर बडबडला तर एनव्हीडीए-2 (एनव्हीडीए की म्हणजे इन्सर्ट किंवा कॅप्सलॉक) दाबून टाइप केलेल्या अक्षरांचं वाचन बंद करा, शब्दांसाठी एनव्हीडीए-3. आवाज बंद केला म्हणून तपासणी सोडायची नाही: मजकूर पडला की एनव्हीडीए-वरचा बाण (लॅपटॉप मांडणीत एनव्हीडीए-एल) दाबून ओळ ऐका. पिनकोड नीट ऐकू आला नसेल तर तेच लागोपाठ दोनदा दाबा, स्पेलिंग सांगतो.

नवं लघुरूप जोडलं की फाइल सेव्ह करून पुन्हा चालवा. कॉम्प्युटर सुरू होताच ती चालू व्हावी म्हणून तिचा शॉर्टकट स्टार्टअप फोल्डरमध्ये ठेवा: विंडोज-आर दाबून इंग्रजीत ‘शेल कोलन स्टार्टअप’ लिहिलं की तो फोल्डर उघडतो.